क्रिएटिनिन ०.७ आलं म्हणून खूश होतो, पण लघवीने चुगली केली

पडदावाला
३ मार्च, रात्री १०:१२

मी गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात पाण्याच्या विभागात आहे. म्हणजे आरओ प्लांट (बारीक पडद्यातून पाणी गाळणारा), डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारा), आणि रात्री अडीचला पंप ट्रिप झाला की माझ्या नावाने शंख. राहायला फोंड्याला. वय ४१, उंची १६८ सेंमी आणि वजन… चला, लिहूनच टाकतो, १०४ किलो. पंचविशीत ६८ होतं. मधली सोळा वर्षं शिफ्ट, बसप्रवास आणि कँटीनच्या भाजी-पावात गेली. दोन पाव सांगायचे, चार खायचे, वर एक मिरची भजी, हा आमचा शिरस्ता.

नोव्हेंबरात कारखान्यात वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी साखर ९८. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी जास्त गाळते तसा हा कमी) ०.७. ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) ११९, पुढे हिरवी खूण. लघवीत प्रोटीन 'निल'. रक्तदाब १३८/८८, त्यापुढे कोणी काही लिहिलं नाही. वजनाच्या रकान्यापुढेही नाही. खाली शिक्का: फिट. घरी येऊन बायकोला कागद दाखवला, म्हटलं बघ, तुझ्या मुगाच्या खिचडीवाचूनही माणूस जगतो.

डिसेंबरात घोरण्याच्या तक्रारीवरून (तक्रार बायकोची) आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली, माझ्या पोटाभोवती फिरवली. ११२ सेंमी. मग तो फिटचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "लघवीचा एसीआर कुठाय?" एसीआर म्हणजे लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतं त्याचा आकडा; तो नव्हताच. केला, ८६ आला. ३० च्या आत हवा म्हणे. गेल्या आठवड्यात परत केला, ९४. आता बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किडनीच्या ओपीडीत दाखवायचं आहे.

माझं डोकं चालतं ते पडद्याच्या भाषेत. आरओच्या पडद्याला क्लोरीन लागून तो बिघडायला लागला की पाणी कमी येत नाही. उलट जास्त येतं! नवा ऑपरेटर खूश होतो, रजिस्टरमध्ये फ्लो वाढल्याचं ठळक लिहितो. जुना माणूस फ्लोकडे बघत नाही, तो कंडक्टिव्हिटीचा मीटर बघतो. तिथे काटा हळूच वर सरकत असतो, कारण पडदा मीठ सोडायला लागलेला असतो. डॉक्टर मला एसीआर समजावत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं की माझं ०.७ म्हणजे तो वाढलेला फ्लो तर नव्हे?

मधुमेह नाही, तर नुसत्या चरबीने किडनीचं बिघडतं तरी कसं? आणि हे लवकर कळायला नेमकं काय तपासायचं? जाणकारांनी लिहावं. घाबरवलंत तरी चालेल, पण कारण सांगून घाबरवा.

---

अबोली_साखळी
३ मार्च, रात्री १०:५५

बाप रे. आमच्या ह्यांचं वजन ९५, आणि साखर नाही म्हणजे आपण सुटलो असाच घरात समज आहे. अधूनमधून लघवीला फेस येतो म्हणतात. पट्टीची तपासणी केली होती, काही नाही म्हणाले. मग हा एसीआर वेगळा का? रक्त द्यायचं की लघवी?

---

लॅबवाली_बाय
४ मार्च, सकाळी ६:४०

मडगावला लॅबमध्ये काम करते, वीस वर्षं होतील. अबोलीताई, लघवीच द्यायची.

पट्टी ही साधारण अंदाजाची गोष्ट. रंग हिरवट झाला की प्रोटीन आहे म्हणायचं. अल्ब्युमिन थोडंच जात असेल तर पट्टी गप्प बसते. शिवाय माणूस यायच्या आधी दोन तांबे पाणी ढोसून आला की लघवी पातळ होते आणि आहे तेही दिसत नाही. एसीआरमध्ये आम्ही अल्ब्युमिन मोजतो आणि त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिनही मोजतो, मग एकाला दुसऱ्याने भागतो. पाणी कमी प्यायलात की जास्त, गुणोत्तर फारसं हलत नाही. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्ये गळती सुरू, ३०० च्या वर मोठी गळती. पूर्वी मधल्या टप्प्याला मायक्रोअल्ब्युमिन म्हणायचे, जुन्या रिपोर्टवर तेच छापलेलं असतं.

नमुना सकाळी उठल्याबरोबरचा, पहिली धार सोडून मधली. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल किंवा आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल तर थांबा, आकडा उगाच चढतो. आणि एकदा चढला म्हणजे रोग, असं नाही. तीन ते सहा महिन्यांच्या अवधीत परत करून तीनांतले दोन वाढलेले आले तर धरायचं.

फेसाबद्दल: जोरात धार पडली तरी फेस येतो, संडासात ॲसिड टाकलेलं असलं तरी येतो. उलट पडदावाल्यांच्या ८६ ला फेस यायचाही नाही. म्हणून फेसावर भरवसा नको, असला तरी आणि नसला तरी.

एक विनंती. बाटली लॅबमधून घेऊन जा, फुकट असते. परवा एकाने फेणीच्या क्वार्टरमध्ये नमुना आणला. धुतली होती म्हणे. झाकण उघडल्यावर सगळ्या लॅबला काजूचा हंगाम आठवला.

---

रापणकार
४ मार्च, दुपारी १:३०

घ्या, आणखी एक टेस्ट. आमचा आजोबा शीत-कडी खाऊन, वर खारें (खारवलेली मासळी) तोंडी लावून ८९ वर्षं जगला. पोट त्यालाही होतं. तेव्हा एसीआर नव्हता म्हणून मेला नाही कधी. आता प्रत्येक जाड्या माणसाला आजारी ठरवायचा हा धंदा आहे.

---

निवृत्त_दोतोर
४ मार्च, रात्री ९:१५

रापणकार, तुमचा आजोबा रोज रापण (समुद्रकाठचं मोठं जाळं) ओढायचा. तुम्ही नाव घेतलंत, दोरी नाही. असो, रागावू नका.

पडदावाला, तुमची शंका बरोबर आहे. तुमचं ०.७ खरंच वाढलेला फ्लो असू शकतो. एक हिशोब मांडून दाखवतो. रिपोर्टवरचा ईजीएफआर ११९ हा तुमच्या शरीराचा नसतो, तो १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या एका ठरावीक माणसासाठी बेतलेला असतो. तुमची उंची आणि वजन धरलं तर तुमचा पृष्ठभाग साधारण २.२ चौरस मीटर. त्या मापाने उलटा हिशोब केला तर मिनिटाला १५० मिलीच्या आसपास गाळणं चाललंय. तुमची मूत्रपिंडं ओव्हरटाइम करताहेत आणि कागदावर त्याला हिरवी खूण मिळते. लठ्ठ माणसात हा घोळ नेहमीचा, आणि घाईच्या ओपीडीत कुणी हा हिशोब करत नाही.

हे का होतं? वजन वाढलं की रक्तात इन्सुलिन वाढतं, अँजिओटेन्सिन (रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन) वाढतं, सिंपथेटिक (शरीराला सावध ठेवणाऱ्या) नसा चेतलेल्या राहतात. तिघांचा हुकूम एकच: मीठ परत ओढा. नेफ्रॉन म्हणजे मूत्रपिंडातली एक गाळणी आणि तिची नळी; त्या नळीच्या पहिल्याच भागात मीठ जास्त शोषलं जातं. त्यातला एक वाटा एसजीएलटी-२ नावाचा वाहक ओढतो, साखरेबरोबर. पुढे त्याच नळीवर मॅक्युला डेन्सा म्हणून टेहळणीचा नाका आहे. त्याच्यापर्यंत मीठ कमी पोचलं की त्याला वाटतं, वरून गाळणंच कमी होतंय. मग तो गाळणीत येणारी धमनी सैल सोडतो. बाहेर जाणारी धमनी मात्र अँजिओटेन्सिनने आवळून धरलेली. येणारा नळ उघडा आणि जाणारा चिमटलेला, मग मधल्या पडद्यावर दाब किती पडेल हे मी तुम्हाला काय सांगणार?

दाबाने ग्लोमेरुलस, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा तो गुच्छ, फुगतो. त्यावर बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात, त्यांचे पाय एकमेकांत गुंतलेले आणि पायांमधल्या फटींवर नेफ्रिनसारख्या प्रथिनांची जाळी. अल्ब्युमिन अडतं ते मुख्यतः इथे. आता अडचण अशी की पोडोसाइटचं विभाजन होत नाही म्हटलं तरी चालेल. घर वाढवलं आणि कौलं मात्र जुनीच, तेवढीच. सरकवून सरकवून पुरवायची. पहिल्या पावसात थेंब पडतात, ते तुमचे ८६ आणि ९४. पुढे एखादं कौल निसटतं; पोडोसाइट सुटून लघवीत वाहून जाते. उघडा पडलेला पडदा बाहेरच्या आवरणाला चिकटतो आणि तिथे वण धरतो. पॅथॉलॉजीत याला फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस म्हणतात. वण धरलेली गाळणी परत येत नाही, तिचं काम उरलेल्यांवर पडतं, मग त्या फुगतात. हे चक्र एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या गतीने फिरतं.

ही झाली दाबाची बाजू. रसायनाची बाजू वेगळीच आहे.

आम्ही शिकत होतो तेव्हा चरबी म्हणजे गोदाम. १९९४ साली चरबीने सोडलेलं लेप्टिन हे हार्मोन सापडलं आणि कळलं की हे गोदाम नाही, ग्रंथी आहे, आणि भलतीच बोलकी. लठ्ठपणात लेप्टिन वाढतं. ते ग्लोमेरुलसच्या पेशींना टीजीएफ-बीटा बनवायला लावतं, आणि टीजीएफ-बीटा म्हणजे वणाचा गवंडी. त्याच वेळी ॲडिपोनेक्टिन कमी होतं. हे चांगलं हार्मोन, पोडोसाइटमध्ये एएमपीके नावाची कळ दाबून तिला सावरतं. ॲडिपोनेक्टिन नसलेले उंदीर तयार केले तर त्यांच्या पोडोसाइटचे पाय वितळून सपाट होतात आणि लघवीत अल्ब्युमिन येतं. चरबीच्या पेशी अँजिओटेन्सिनचा कच्चा मालही स्वतः बनवतात. त्यांच्यात घुसलेल्या मॅक्रोफेज पेशी टीएनएफ-अल्फासारखी दाहक द्रव्यं सोडतात.

तुमचा मूळ प्रश्न होता, मधुमेह नाही तर कसं. २०१० चा एक प्रयोग आहे. उंदरांच्या फक्त पोडोसाइटमधून इन्सुलिनचा रिसेप्टर (इन्सुलिनचा हुकूम ऐकणारा कान) काढून टाकला. रक्तातली साखर नॉर्मल राहिली. तरी अल्ब्युमिन गळायला लागलं आणि मूत्रपिंडात मधुमेहात दिसतात तसे बदल दिसले. म्हणजे पोडोसाइटला इन्सुलिन ऐकू येणं बंद झालं की पुरे, साखर वाढायची वाट बघावी लागत नाही. लठ्ठ माणसात इन्सुलिन प्रतिरोध साखरेच्या कितीतरी वर्षं आधी येतो.

तिसरी गोष्ट, चरबी चक्क मूत्रपिंडात शिरते. यकृतात चरबी सगळ्यांना माहीत, सोनोग्राफीवर छापून येते. तशीच ती नळ्यांच्या पेशींत साठते, मायटोकॉन्ड्रिया गुदमरतात, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो. मूत्रपिंडाच्या खोबणीतली चरबी शिरांवर बाहेरून दाबही देते.

हा रोग नवा नाही. १९७४ मध्ये अतिलठ्ठ रुग्णांत भरपूर प्रोटीन जाताना पाहून पहिल्यांदा नोंदला. न्यूयॉर्कमधल्या बायोप्सींच्या एका मोठ्या पाहणीत १९८६ ते १९९० या काळात त्याचं प्रमाण ०.२ टक्के होतं, १९९६ ते २००० मध्ये २ टक्के. दहा वर्षांत दहापट. आणि गोव्याचं म्हणाल तर २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण आपल्याकडे, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. ज्या जमिनीत मधुमेह असा पिकतो तिथे त्याच्या आधीची ही अवस्था किती असेल!

रापणकार, कंबर मोजा एकदा. भारतीय पुरुषाला ९० सेंमी, बाईला ८०. बीएमआय २५ ला आपल्याकडे लठ्ठ धरतात, गोऱ्यांसारखं ३० ला नाही. पडदावाल्यांचा ३६.८ आहे.

---

अबोली_साखळी
४ मार्च, रात्री ९:५०

दोतोरबाब, कौलांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या घराची माडी वाढवली तेव्हा नेमकं हेच केलं होतं.

मग ह्यांना सूज वगैरे काही यायला हवी ना आधी? पाय सुजत नाहीत.

---

निवृत्त_दोतोर
४ मार्च, रात्री १०:२०

नाही येत, आणि म्हणूनच हा रोग फसवा. बाकीच्या बऱ्याच किडनी विकारांत प्रोटीन भरपूर गेलं की रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं आणि डोळे-पाय सुजतात. लठ्ठपणाच्या या विकारात प्रोटीन पुष्कळ जात असूनही रक्तातलं अल्ब्युमिन बहुधा टिकून राहतं, सूज येत नाही. माणूस सुशेगाद. क्रिएटिनिनही उशिरा बोलतं. निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्यावर ते वर सरकायला लागतं. सुजेची वाट बघाल तर बस चुकली.

---

पडदावाला
५ मार्च, पहाटे ५:३०

रात्रपाळीत तीनदा वाचलं. मॅक्युला डेन्साची भानगड म्हणजे आमच्याकडे सेन्सर चुकीच्या जागी बसवलाय आणि तो बिचारा प्रामाणिकपणे चुकीचा व्हॉल्व्ह उघडतोय. हे मी पाहिलंय, एका शिफ्टमध्ये दोन हाउसिंग (पडदे बसवायची नळकांडी) गेले होते.

एक विचारायचं राहिलं. बांबोळीच्या फॉर्मवर 'जन्मवेळचं वजन' असा रकाना आहे. आईला फोन केला. ती म्हणते मी सातमाशी, कापसात गुंडाळून ठेवलेला, सुईण म्हणाली होती जगला तर बघू. याचा इथे काय संबंध?

---

निवृत्त_दोतोर
५ मार्च, सकाळी ८:०५

संबंध आहे, आणि ज्याने तो रकाना घातला त्याला माझा नमस्कार सांगा.

मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन म्हणतात, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणात दोन लाख, कुणात वीस लाख. ही पुंजी आईच्या पोटात साधारण ३६ आठवड्यांपर्यंत तयार होते, नंतर एकही नवा बनत नाही. सातमाशी किंवा कमी वजनाचं मूल कमी पुंजी घेऊन येतं. १९८८ मध्ये बोस्टनच्या ब्रेनर यांनी ही कल्पना मांडली, की जन्मतः नेफ्रॉन कमी असतील तर पुढे रक्तदाब आणि किडनी विकार लवकर गाठतात. तुमच्या भाषेत, दहा पडद्यांच्या प्लांटमध्ये सहाच बसवले आणि कारखाना मात्र दुप्पट केला. म्हणूनच १०४ किलोच्या दोन माणसांत एकाची लघवी स्वच्छ असते आणि दुसऱ्याची गळते.

आईंना सांगा, दोष कुणाचा नाही.

---

जिम_पात्रांव
५ मार्च, दुपारी १२:४५

माझं उलटं आहे. वजन ९२ पण मसल, रोज जिम, क्रिएटिन आणि प्रोटीन पावडर चालू. क्रिएटिनिन १.४ आलं. घरी रडारड. मला डायलिसिस लागणार का?

---

लॅबवाली_बाय
५ मार्च, दुपारी २:१०

बाळा, रडारड थांबव. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू जास्त आणि वर क्रिएटिनचा डबा, तर आकडा चढणारच. पण ते तू स्वतः ठरवायचं नाहीस. डॉक्टरांना विचारून क्रिएटिन काही आठवडे बंद कर, मग क्रिएटिनिन परत, सोबत सिस्टॅटिन-सी (रक्तातलं एक प्रथिन, त्यावरूनही गाळण्याचा अंदाज येतो) आणि एसीआर. एसीआरच्या आदल्या दिवशी जिमला सुट्टी, नाहीतर अल्ब्युमिन चढलेलं दिसेल आणि परत रडारड.

---

निवृत्त_दोतोर
५ मार्च, दुपारी ३:००

बायचं बरोबर. एक पुरवणी: सिस्टॅटिन-सी स्नायूंवर अवलंबून नसतं म्हणून पैलवानांना उपयोगी. पण लठ्ठपणात, दाहात, थायरॉइडच्या विकारात आणि स्टेरॉइड चालू असताना तेही हलतं. दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर सगळ्यांत भरवशाचा. लघवीतले पोडोसाइटचे अंश, केआयएम-१, एनजीएएल वगैरे प्रथिनं मोजून गळतीच्याही आधी रोग पकडायचे प्रयत्न चालू आहेत, पण ते अजून संशोधनाच्या टेबलावर आहेत. कुणी 'ॲडव्हान्स्ड किडनी पॅकेज' म्हणून विकायला आलं तर पैसे खिशात ठेवा. आज तुमच्या हातात आहेत ते एसीआर, क्रिएटिनिन, रक्तदाबाचं यंत्र आणि शिंप्याची टेप.

---

गालजीबाग
६ मार्च, रात्री ८:३०

काणकोणचा आहे म्हणून विचारतो. आमच्या वाड्यांवर किडनीचे पेशंट पुष्कळ, पण ही माणसं लठ्ठ नाहीत हो. काटक, शेतात राबणारी, साखर नाही, प्रेशर नाही. माझा चुलता ५५ किलोचा होता, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचा. तुमची चरबीची गोष्ट आमच्याकडे लागू पडत नाही.

---

निवृत्त_दोतोर
६ मार्च, रात्री १०:१०

नाही पडत, आणि दोन्हींची गल्लत करू नये. तुमच्याकडचा तो अज्ञात कारणाचा दीर्घ मूत्रपिंड विकार. त्यात मार लागतो नळ्यांना आणि त्यांच्या मधल्या ऊतीला, गाळणीला नंतर. बिट्स पिलानीच्या गोवा केंद्रातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाण्यातली सिलिका आणि शिसं यांच्याकडे बोट दाखवलं होतं. श्रीलंकेतल्या भातशेतीच्या पट्ट्यात, आंध्रच्या उद्दानममध्येही असाच प्रकार आहे, आणि कारणाचा वाद अजून मिटलेला नाही.

व्यवहाराची गोष्ट ही की त्या विकारात लघवीतलं अल्ब्युमिन सुरुवातीला फार नसतं. म्हणजे फोंड्याच्या जाड्या माणसाला जी तपासणी लवकर सावध करते, ती काणकोणच्या काटक माणसाला खोटा धीर देऊ शकते. तुमच्या वाड्यावर क्रिएटिनिन आणि ईजीएफआर दरवर्षी हवंच, एसीआर जोडीला. आणि अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खाणं बंद. राबणारी माणसं त्या चण्यांसारख्या खातात.

---

गालजीबाग
६ मार्च, रात्री १०:३२

गोळ्यांचं अगदी खरं. चुलत्याच्या उशाखाली पाकीट असायचं. धन्यवाद.

---

माटोळी
८ मार्च, सकाळी ११:००

एवढ्या टेस्टा आणि एवढी नावं वाचून चक्कर आली. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, बिंबलांचा (ती आंबट हिरवी फळं) रस सकाळी अनशापोटी एक पेला. चरबी उतरते, साखर उतरते, रक्त साफ. परसात झाड आहे, फुकट. करमलांचा (स्टारफ्रूटचा) रसही चालतो.

---

निवृत्त_दोतोर
८ मार्च, सकाळी ११:२०

नको!! एरवी मी दोन उद्गारचिन्हं देत नाही.

बिंबलांत ऑक्झलेट प्रचंड असतं. हुमणात (माशांच्या कडीत) चार बिंबलं घातली तर काही होत नाही, पण पेलाभर घट्ट रस अनशापोटी घेतला की ऑक्झलेटचे खडे थेट मूत्रपिंडाच्या नळ्यांत बसतात. केरळात असे रस पिऊन मूत्रपिंडं एकाएकी बंद पडलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. करमलात ऑक्झलेटबरोबर आणखी एक विषारी द्रव्य असतं, ज्याचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्याला त्याने उचक्या, झटके येतात, प्रसंगी जीव जातो. आजींना माझा आदरपूर्वक नमस्कार, आणि बिंबलं कडीत.

---

माटोळी
८ मार्च, सकाळी ११:४१

आईशप्पथ. फ्रिजमधली बाटली ओतून टाकली.

---

पडदावाला
२४ मार्च, रात्री ९:००

बांबोळीहून आलो. सकाळी साडेसातला रांगेत, दीडला नंबर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याकडे एकदा आणि फाइलकडे दोनदा बघितलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आकाराने मोठी. बायोप्सी आत्ता नको म्हणाल्या. गळती वेगाने वाढली किंवा लघवीत रक्त दिसलं तर बघू. टेल्मिसार्टन सुरू केलं. मी विचारलं, हे तर प्रेशरचं. त्यांनी पॅडच्या मागे गाळणी काढून दाखवली: बाहेर जाणारी धमनी ह्या गोळीने सैल होते, आतला दाब उतरतो. दोतोरबाब, तुमचंच चित्र, फक्त पेनने.

दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करायला सांगितलंय. आणि वजन. "दहा टक्के उतरवा, मग बोलू," एवढंच. मीठही मोजायला सांगितलं. त्यावर घरात चर्चा चालू आहे, कारण खाऱ्यांची बरणी सासूबाईंनी पाठवलेली आहे.

एसजीएलटी-२ च्या गोळीबद्दलही विचारलं (इथे वाचून गेलो होतो, त्यामुळे जरा शायनिंग). म्हणाल्या, सध्या गरज नाही, पुढचे आकडे बघून.

---

निवृत्त_दोतोर
२४ मार्च, रात्री ९:४५

उत्तम डॉक्टर मिळाल्या. ती गोळी त्या वाहकालाच अडवते, मीठ नाक्यापर्यंत पोचतं आणि येणारा नळ आवळला जातो. म्हणून मधुमेहासाठी आलेलं औषध आता मधुमेह नसलेल्या किडनी रुग्णांनाही देतात. वजनाच्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडने २०२४ च्या 'फ्लो' नावाच्या चाचणीत मधुमेही किडनी रुग्णांत मोठे बिघाड २४ टक्क्यांनी कमी केले. पण कुणाला काय द्यायचं हे समोरचा डॉक्टर ठरवील, धागा नव्हे.

एक आधीच सांगून ठेवतो. पुढच्या वेळी क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल. धावत इथे येऊ नका.

---

पडदावाला
२ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय.

वजन ९५. कंबर १०३. पाव दोनच सांगतो आणि दोनच खातो. कँटीनवाल्याने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. बस एक थांबा आधी सोडतो. रक्तदाब १२४/७८. घोरणं कमी, हे बायकोचं प्रमाणपत्र.

एसीआर ४१.

क्रिएटिनिन ०.७ वरून ०.९ झालं आणि ईजीएफआर ११९ वरून ११०. रिपोर्ट बघून बायको घाबरली, म्हणाली एवढं करून किडनी खाली आली? तिला प्लांटचं रजिस्टर काढून दाखवलं: दाब उतरवला की फ्लो उतरतो, आणि कंडक्टिव्हिटी बघ, तीही उतरलीय. मुलाचीही कंबर मोजली. तेरा वर्षांचा आहे, तो टेप बघून पळाला.

चवथीला नेवऱ्या किती चालतील, हे कुणाला विचारू?

---

लॅबवाली_बाय
३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

नेवऱ्यांचं बायकोला विचारा. ४१ बघून बरं वाटलं. ३० च्या आत अजून यायचाय, हे विसरू नका.

---

रापणकार
३ सप्टेंबर, रात्री ११:१५

बाय, एक विचारतो. माझी कंबर १०४ निघाली. आजोबाची कुणी मोजली नव्हती. मडगावची लॅब सकाळी किती वाजता उघडते? उपाशी यावं लागतं का?

---

लॅबवाली_बाय
४ सप्टेंबर, सकाळी ६:३०

सात वाजता. लघवीसाठी उपाशी यायची गरज नाही. आदल्या दिवशी येऊन बाटली घेऊन जा, घरातली कुठलीही आणू नका.